आधी अन्न, मग मासा

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या माणसाला विचारा, आजवर मासे कशाकशाने गेले? तो आधी रोगांची नावं घेईल, मग वीज गेल्याचं सांगेल, मग ऐन मे महिन्यात चिलर बंद पडल्याचं. उपासमारीचं नाव सहसा निघत नाही, कारण ती पटकन लक्षात येत नाही. मासा रोज टाकीत फिरत असतो, दगडांना टोचा मारत असतो, रंगही बरेच दिवस टिकून असतो. मग एके दिवशी तो दिसेनासा होतो आणि ‘अचानक गेला’ अशी नोंद होते. खरं तर तो आल्या दिवसापासून थोडाथोडा जात होता.

प्रवाळ टाकीतल्या चोखंदळ माशांना काय खाऊ घालायचं, कसं आणि कितीदा, यावर गेल्या साठेक वर्षांत पुष्कळ माहिती जमली आहे. संशोधकांनी समुद्रातल्या माशांची पोटं तपासली, मत्स्यबीज केंद्रांनी पिल्लं वाढवताना अन्नाचे प्रयोग केले आणि हौशी लोकांनी रात्र रात्र टाकीसमोर बसून बारकावे टिपले. हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘मासा खात नाही, काय करू?’ हा प्रश्न मासा घरी आणल्यावर विचारला जातो, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ज्याला आपण माशाचा हट्ट म्हणतो, तो त्याच्या तोंडाच्या, डोळ्यांच्या आणि आतड्याच्या घडणीतून आलेला असतो.

सुरुवात मँडरिन माशापासूनच करायला हवी. शास्त्रीय नाव सिंकायरोपस स्प्लेंडिडस. १९२७ साली आल्बर्ट हेरे यांनी फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, निवाऱ्याच्या पाण्यात तो राहतो. लांबी सहा-सात सेंटिमीटर. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे. बहुतेक माशांचा निळा रंग हा प्रकाशाच्या परावर्तनातून दिसतो. मँडरिनच्या कातडीत मात्र निळं रंगद्रव्य असलेल्या पेशीच आहेत, हे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलं. अंगावर खवले नाहीत. त्यांच्या जागी जाड, वाईट चवीचा, बुळबुळीत थर आहे, त्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही त्याला सहजी धरत नाही. स्वभाव शांत, प्रवाळांना उपद्रव शून्य. टाकीसाठी याहून गुणी मासा शोधून सापडणार नाही, आणि तरीही दुकानातून घरी गेलेले कितीतरी मँडरिन काही महिन्यांतच कुपोषणाने मरतात.

का, ते कळायला त्याला खाताना जवळून बघायला हवं. मँडरिन इतर माशांसारखा पोहत नाही. पोटाखालचे पंख्यासारखे पर टेकत, तरंगत, दगडावरून इंच इंच सरकतो. डोळे वर आलेले, दोन्ही वेगवेगळे फिरणारे. तो एका खाचेपाशी थांबतो, मान तिरकी करतो, एका डोळ्याने नीट पाहतो. मग बारीकसं तोंड नळीसारखं पुढे काढून एक टोच मारतो. कधी घेतलेलं थुंकून टाकतो. पुढे सरकतो, पुन्हा थांबतो, पुन्हा टोच. दिवस मावळेपर्यंत हेच चालू. शेळी जशी रानात एकेका झुडपाचा पाला ओरबाडत पुढे जाते, तसं त्याचं चरणं आहे. एकदा पोटभर जेवून दिवसभर निवांत बसणाऱ्यांपैकी तो नाही. यव्हॉन सॅडोव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुद्रातल्या मँडरिनच्या आहाराची यादी मिळते: तळाला राहणारे कोपेपॉड, बहुकेशी कृमी, अगदी बारीक शंख, अँफिपॉड, ऑस्ट्रॅकॉड आणि माशांची अंडी. सगळं मिलिमीटरच्या हिशोबातलं, सगळं दगडाला चिकटलेलं किंवा दगडावर चालणारं, आणि बहुतेक सगळं जिवंत. आता अशा माशासमोर आपण दिवसातून एकदा पाण्यावर तरंगणारे दाणे टाकतो. क्लाउनफिश आणि डॅमसेल मिनिटभरात ते फस्त करतात. मँडरिनला तिथे जेवण होतं हेच मुळी कळत नाही.

या छोट्या जिवांना हौशी मंडळी सरसकट ‘पॉड्स’ म्हणतात. टाकीत ते आहेत का, हे पाहायची सोपी रीत म्हणजे दिवे बंद झाल्यावर दोनेक तासांनी काचेवर टॉर्च मारणं. काचेवर आणि दगडाच्या कडांवर पांढरे ठिपके तुरुतुरु पळताना दिसले तर वस्ती आहे. एखाददुसराच दिसला, तर त्या टाकीत मँडरिनला जागा नाही, मग टाकी कितीही मोठी आणि महागडी असो.

बाजारात बाटलीतून पॉड्स मिळतात, पण बाटलीत कोणती जात आहे याला महत्त्व आहे. टिग्रिओपस कॅलिफॉर्निकस ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांतली जात. आकाराने मोठी, लालसर, उघड्यावर पोहणारी. टाकीत ओतली की सगळे मासे तिच्यावर तुटून पडतात. एका जेवणापुरती ती उत्तम. टिस्बे ही जात बारीक, दगडाच्या खाचांत दडणारी. वस्ती करायची असेल तर ती उजवी. तिची पिल्लं प्रवाळांच्याही उपयोगी पडतात. पॉड्स वाढवायचे तर त्यांनाही खाऊ घालावं लागतं. नॅनोक्लोरॉप्सिस, आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस ही सूक्ष्म शेवाळं त्यासाठी वापरतात, आणि त्यांत फरक आहे: नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए हे स्निग्धाम्ल भरपूर, पण डीएचए जवळजवळ नाही, आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगलं. म्हणून दोन्ही मिसळून देणारे लोक शहाणे.

टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या दुसऱ्या टाकीत, एक कप्पा राखून त्यात किटोमॉर्फा हे गुंतवळासारखं शेवाळ वाढवायचं आणि त्यावर रात्री दिवा लावायचा, ही रिफ्युजियमची पद्धत आता सर्रास झाली आहे. तिथे पॉड्सना खाणारा मासा नसतो, त्यामुळे ते निर्धास्त वाढतात आणि पंपाबरोबर वर येत राहतात. ही कल्पना ज्या दगडांवर उभी आहे ते ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जीवजंतूंनी भरलेले समुद्री दगड, घरगुती टाकीत आणण्याचं श्रेय बरंचसं जकार्ताच्या ली चिन एंग यांना जातं. त्यांनी १९६१ साली आपली नैसर्गिक पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली. आज बरेच जण कोरडे, निर्जंतुक दगड वापरून टाकी सुरू करतात. नको असलेले किडे येत नाहीत हा त्याचा फायदा, पण दगडाबरोबर फुकट येणारी अन्नसाखळीही येत नाही. अशी टाकी दिसायला सहा महिन्यांत तयार होते. मँडरिनच्या दृष्टीने ती तेव्हाही रिकामीच असू शकते.

मँडरिनसाठी सांगितला जाणारा ठोकताळा असा: किमान ७५ गॅलन, म्हणजे सुमारे २८० लिटर पाणी, भरपूर दगड आणि टाकी निदान सहा महिने ते वर्षभर जुनी. ठोकताळा म्हणून ठीक आहे. माझ्या मते लिटरपेक्षा सोबत कोण राहतं याला जास्त वजन द्यायला हवं. सहा पट्ट्यांचा रास (wrasse) मासा, स्कूटर ब्लेनी किंवा दुसरा मँडरिन त्याच दगडांवर चरत असेल, तर पाचशे लिटरही पुरत नाहीत.

आता आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव. १९३३ साली अमेरिकेत आल्विन सील यांनी आणि १९३९ साली नॉर्वेत गुन्नार रोलेफसेन यांनी आर्टेमियाची ताजी पिल्लं माशांच्या पिल्लांना देता येतात हे दाखवलं, तेव्हापासून जगभरच्या मत्स्यपालनाचा तो आधार झाला. सुकी अंडी वर्षानुवर्षं डब्यात राहतात आणि खाऱ्या, उबदार पाण्यात हवा सोडली की साधारण चोवीस तासांत फुटतात. आज बाजारातला मोठा साठा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. आपल्याकडे या जिवाची पहिली नोंद मुंबईतली आहे: वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याचं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलं.

चोखंदळ मासा ज्या थोड्या गोष्टींना नकार देत नाही त्यांत जिवंत आर्टेमिया पहिला. तो वळवळतो, आणि वळवळणारं दिसलं की मासा टोच मारतोच. पण इथेच पुष्कळांची फसगत होते. आर्टेमियाच्या अंगी डीएचए जवळजवळ नसतं, आणि समुद्री माशांना ते स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही. मासा खातोय म्हणून मालक निर्धास्त, आणि मासा भरल्या तोंडाने अशक्त होतोय, अशी स्थिती येते. नुकत्याच फुटलेल्या पिल्लाच्या अंगात अंड्यातलं पोषण शिल्लक असतं. काही तासांत ते ओसरतं. साधारण आठ तासांनी पिल्लाची पहिली कात पडते आणि त्याला तोंड फुटतं. त्यानंतर त्याला स्निग्धाम्लांच्या द्रावणात किंवा आयसोक्रायसिसमध्ये बारा-एक तास ठेवून पोट भरलं, तरच ते चांगलं अन्न होतं. मोठा, वाढलेला आर्टेमिया फ्रोझन वडीच्या रूपात मिळतो, पण त्यात पाणीच जास्त. त्यापेक्षा फ्रोझन मायसिस, म्हणजे कोळंबीसारखाच दुसरा बारीक जीव, कितीतरी सरस. कॅनडातल्या ओकानागन सरोवरातून पकडला जाणारा मायसिस गोड्या पाण्यातला असूनही चांगला चरबीदार असतो. अडचण एवढीच की मँडरिनच्या तोंडाला तो मोठा पडतो.

इथून हौशी लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, टाकी नीट पिकू द्या, रिफ्युजियम लावा, पॉड्सची वस्ती वाढवा. माशाला शिकवायची गरज नाही. दुसरा म्हणतो, वस्ती आज ना उद्या संपते, म्हणून माशाला फ्रोझन खायला शिकवलंच पाहिजे. शिकवण्याची रीत साधारण अशी. टाकीतच जाळीची किंवा काचेची छोटी पेटी टांगायची आणि मासा एकट्याने तिच्यात ठेवायचा, म्हणजे खाण्यासाठी कोणाशी झगडावं लागत नाही. पहिले काही दिवस जिवंत आर्टेमिया, दिवसातून तीन-चार वेळा. मग त्यात गोठवलेले आर्टेमिया मिसळायचे आणि पिचकारीने पाणी हलकेच हलवत राहायचं, म्हणजे मेलेलंही हलतं. हळूहळू जिवंतांचं प्रमाण कमी करायचं. मग चिरलेला मायसिस, शेवटी जमलं तर भिजवलेले बारीक दाणे. मासा टाकीत सोडल्यावरही एक छोटी काचेची बरणी दगडांत आडवी ठेवून रोज त्याच जागी अन्न सोडलं, तर तो ती जागा ओळखायला शिकतो. मँडरिनच्या आहाराच्या यादीतली शेवटची गोष्ट, माशांची अंडी, इथे उपयोगी पडते. गाभोळीचे सुटे, बारीक दाणे धुऊन दिले तर काही मँडरिन ते घेतात, आणि त्यांत स्निग्धाम्लं भरपूर असतात. मात्र गाभोळी तेलकट असते; पडदा काढून चांगली धुतली नाही तर पाण्यावर तवंग धरते.

लसणाच्या रसात अन्न भिजवलं की मासे खाऊ लागतात, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा मला दिसलेला नाही. मत्स्यपालनाच्या खाद्यात भूक चाळवण्यासाठी वापरतात ती द्रव्यं वेगळी आहेत, बीटेन आणि ग्लायसिन, अ‍ॅलानिनसारखी अमिनो आम्लं. ती शिंपल्यांच्या आणि कोळंबीच्या मांसात मुळातच असतात. म्हणजे लसणापेक्षा तिसरीचा रस बरा.

मग त्या दोन तटांपैकी माझा कौल कोणाला? शिकवलेला मासासुद्धा दिवसातून दोनदा मिळणाऱ्या खाण्यावर बारीक होत जातो, कारण त्याचं आतडं सतत थोडंथोडं येणाऱ्या अन्नासाठी घडलेलं आहे. म्हणून वस्ती हवीच. शिकवणं हा विमा. फक्त विम्याच्या भरवशावर मासा आणू नये. खरी कसोटी माशाचं शरीर. त्याला वरून पाहा: डोक्यामागे पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला असेल, बाजूला खळगे असतील, पोट खपाटीला गेलेलं असेल, तर तो टोचा मारताना दिसत असला तरी त्याच्या तोंडी काही लागत नाहीये.

दुसरा मासा चोचवाला, तांबूस-पिवळ्या पट्ट्यांचा कॉपरबँड फुलपाखरू मासा, केल्मॉन रोस्ट्रेटस. याला दगडांवर वाढणाऱ्या आयप्टेशिया नावाच्या उपद्रवी समुद्रफुलांचा बंदोबस्त करण्यासाठी म्हणून आणतात. कामगार म्हणून आणलेल्या माशाच्या जेवणाचा विचार कोणी करत नाही, आणि आयप्टेशिया संपले की तो उपाशी पडतो. त्याची लांब चोच खाचांतले कृमी आणि शिंपल्यांचं मांस उपसण्यासाठी आहे. पाण्यात उडणाऱ्या अन्नामागे धावणं त्याला जमत नाही. आपल्याकडे या माशाचं औषध मासळी बाजारात मिळतं. ‘मावशी, तिसऱ्या जिवंत आहेत ना?’ एवढं विचारून पाच-सहा घ्यायच्या. (तळकोकणात मुळे म्हणा.) मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या की वाळू टाकतात. एक तिसरी सुरीने उघडायची, अर्धी शिंपली मांसासकट दगडाच्या खाचेत बसवायची आणि पंप दहा मिनिटं बंद करायचे. आधी कॉपरबँड लांबून पाहतो. एका अंगाने येतो, मागे जातो. मग चोच शिंपल्याच्या कडेपाशी नेऊन पातळशी झालर ओढतो, आणि एकदा ती तुटून तोंडात आली की पुढचा अर्धा तास शिंपलं सोडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्याच शिंपल्यात चिरलेला मायसिस आणि ताजा जवळा भरून ठेवायचा. शिंपलं दिसलं की जेवण, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की पुढची सवय लावणं सोपं जातं.

दोन गोष्टी सांभाळायच्या. खाडीतल्या तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे खाडीतली घाणही त्यांच्यात साठते. मुंबईच्या कारखानदारी भागातल्या खाड्यांपेक्षा बाहेरच्या किनाऱ्याच्या बऱ्या. आणि कच्च्या शिंपल्यांत थायमिनेज हे विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्‌महिने नुसत्या शिंपल्यांवर ठेवलेला मासा खाऊनपिऊन आजारी पडू शकतो. शिंपलं ही सुरुवात आहे, कायमचा आहार नव्हे.

अँथियाससारखे मोकळ्या पाण्यात कळपाने राहणारे मासे खाण्याच्या बाबतीत हट्टी नसतात, पण त्यांना दिवसभर वाहत येणाऱ्या प्लवकांची सवय असते. दिवसातून तीन-चार छोटी जेवणं दिली तर बहुतेक जाती टिकतात. जांभळ्या रंगाच्या टुका आणि पास्कालस या जाती नवख्यांनी टाळाव्यात.

खरी ओढाताण पाण्यात आहे. जितकं अन्न घालाल तितकं नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, आणि प्रवाळ पाळणारा माणूस या दोन आकड्यांना घाबरलेला असतो. म्हणून तो फेसातून घाण काढणारा स्किमर मोठा लावतो, फिल्टरचा कपडा रोज बदलतो, अन्न निम्मं करतो. पाणी काचेसारखं, प्रवाळ छायाचित्रात सुंदर, आणि त्या पाण्यात पॉड्सना खायला काही उरत नाही. ते कमी झाले की मँडरिन उपाशी. गेल्या काही वर्षांत हौशी लोकांचं मत इथे बदलत गेलं, आणि ते चांगल्यासाठी. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेलं की डायनोफ्लॅजलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर उसळतो, हे अनेकांनी पाहिलं. प्रवाळांनाही थोडी पोषकद्रव्यं लागतात. खाऊ घालायचं सढळ हाताने, पण बाहेर काढायचंही तितक्याच नेटाने, हा मार्ग त्यांनी स्वीकारला. अन्न द्यायच्या आधी गोठवलेल्या वडीचं पाणी गाळून टाकणं, स्किमर तासभर थांबवणं, उरलेले तुकडे पिचकारीने ओढून घेणं, किटोमॉर्फा नियमित छाटणं, या साध्या कामांनी दुप्पट खाणं टाकीला पेलतं.

यानंतर ते मासे, ज्यांना घरी आणूच नये. कोल, प्रॅचेट आणि जोन्स यांनी २००८ साली घेतलेल्या आढाव्यात प्रवाळ खाणाऱ्या १२८ माशांची नोंद आहे, आणि त्यांतले ६९ फुलपाखरू मासे आहेत. यांतले काही इतर गोष्टीही खातात. पण केटोडॉन ट्रायफॅशिअ‍ॅलिस, ऑर्नाटिसिमस, मेयेराय यांच्यासारख्यांचं जगणंच जिवंत प्रवाळावर आहे. हे मासे दुकानात दिसतात, देखणे असतात आणि बहुतेक उपाशी मरतात. आपल्या टाकीतले महागडे प्रवाळ त्यांना चारणारा माणूस क्वचितच भेटेल. मूरिश आयडल, म्हणजे ‘फाइंडिंग निमो’मधला गिल, मुख्यतः स्पंज खातो. त्याला वर्षानुवर्षं जगवलेले लोक आहेत, पण त्यांच्या टाक्या मोठ्या, हात सरावलेले आणि दिवस त्यासाठीच राखलेले. ठिपक्यांचा फाइलफिश, ऑक्सिमोनाकँथस लाँगिरोस्ट्रिस, अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचे पॉलिप खातो, आणि इतके खातो की त्याच्या अंगाला त्या प्रवाळाचाच वास येतो. शिकारी माशांना तो त्यामुळे ओळखता येत नाही, असं एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. अन्नाशी इतकं एकजीव झालेल्या जिवाला दाण्यांवर आणायचं, हा हट्ट मग माशाचा म्हणायचा की आपला? काही अनुभवी लोकांनी तो फ्रोझनवर आणला, त्याची पिल्लंही वाढवली, याबद्दल आदर आहे. पण ते काम करणाऱ्यांनी करावं.

सफाई करणारा रास, लॅब्रॉइडिस डिमिडिएटस, याच यादीत बसतो, जरी तो स्वस्त आणि सहज मिळणारा असला तरी. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी वेचणं हा त्याचा धंदा. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी १९९६ साली ग्रेट बॅरियर रीफवरच्या निरीक्षणांतून हिशोब मांडला: एक रास दिवसाला सरासरी १,२०० परजीवी खातो. आपल्या टाकीत सात-आठ मासे, आणि तेही निरोगी असावेत अशी आपली धडपड. तो खाणार काय? परजीवी संपले की तो माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर कुरतडायला लागतो आणि सगळ्यांना हैराण करतो. एखादा फ्रोझन घेतो, बाकीचे वाळत जातात. आणि तिकडे प्रवाळभिंतीवरून तो उचलला गेल्याने तिथल्या माशांची सेवा बंद पडते, ते वेगळंच.

न खाण्याचं एक कारण मात्र चोखंदळपणाच्या बाहेरचं आहे. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात शोभेचे मासे पकडण्यासाठी सोडियम सायनाइडचा फवारा सुरू झाला, आणि बंदी येऊनही तो आग्नेय आशियात पसरला. गुंगी आलेला मासा हाती लागतो, तरतरीतही होतो, पण आतून दुखावलेला असतो. असा मासा कितीही आवडीचं दिलं तरी खात नाही किंवा खाऊनही खंगतो. मँडरिन पकडायची रीत निराळी, सुईसारख्या टोकाच्या छोट्या भाल्याने. त्याची जखम पोटाजवळ दिसते का, ते घेण्याआधी बघावं. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यायची. तिथे पदार्थ बदलून उपयोग नाही, औषध लागतं. भीती हेही कारण असतं. नवा मासा दिव्यांच्या झोतात, दांडगट शेजाऱ्यांत खात नाही; दोन दिवस दिवे मंद ठेवा आणि मग ठरवा.

भारतात या छंदाला कायद्याची चौकट आहे, आणि खाण्याच्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे. उदाहरणार्थ समुद्रघोडा. त्याला जठरच नसतं. अन्न आतड्यातून भराभर पुढे जातं, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खाऊ घालावं लागतं. परदेशी पुस्तकांत त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं सापडतात. आपल्याकडे तो प्रश्न मिटलेला आहे: समुद्रघोडे आणि त्यांचे सगळे नातलग २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. प्रवाळभिंत बांधणारे प्रवाळही त्याच वर्षी तिथे गेले. म्हणजे मालवणच्या समुद्रातून ‘पॉड्स असलेला’ प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. परदेशातून आणलेल्या प्रवाळांची कागदपत्रं विक्रेत्याकडे मागून घ्यायची, आणि याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीची बाबही तपासायची.

सगळ्यात मोठा बदल पैदाशीतून आला आहे. फ्लोरिडातल्या ओआरए या संस्थेने २०१० साली समुद्रात नव्हे, टाकीत जन्मलेले आणि फ्रोझन व दाणे खाणारे मँडरिन बाजारात आणल्याचं जाहीर केलं. पुढे पलाऊमधल्या बायोटाने हे काम मोठ्या प्रमाणावर नेलं. मँडरिनची जोडी संधिकाळी अंगाला अंग लावून वर चढते आणि पाण्यात अंडी सोडते. ती तरंगती अंडी गोळा करून, त्यातून निघालेल्या कणभर पिल्लांना आधी सूक्ष्म प्लवक, मग कोपेपॉड, मग आर्टेमिया अशा पायऱ्यांनी वाढवतात. पिल्लू दगडावर उतरलं की दुसऱ्या कोणत्याही अन्नाची ओळख होण्याआधीच त्याच्यासमोर बारीक दाणे येतात. ज्याला आपण हट्टी म्हणत होतो, तोच मासा ते मुकाट खातो. मोठेपणी आठवडे घालवून जे जमत नाही ते बाळपणी सहज जमतं. तरीही जपायला हवं. हे मासे विकायला येतात तेव्हा दोन-तीन सेंटिमीटरचे असतात. मोठ्या टाकीत सोडले की हरवतात आणि अन्नापर्यंत पोचत नाहीत. पेटीतला पहिला महिना त्यांनाही लागतो, आणि दिवसातून तीन वेळा खाणंही.

आपल्याकडे यासाठी लागणारं ज्ञान नाही असं नाही. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शोभेच्या समुद्री माशांची पैदास आणि पिल्लांसाठी कोपेपॉड वाढवण्याचं काम केलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. ही सगळी मेहनत आज सोप्या माशांवर आहे, आणि सुरुवात म्हणून ते बरोबरच. पण कोपेपॉडचं जिवंत बियाणं, बाटलीवर जातीचं नाव आणि तारीख लिहून, मुंबई-पुण्याच्या दुकानांत नियमित मिळू लागलं, तर चोखंदळ माशांचं मरण निम्म्यावर येईल असं मला मनापासून वाटतं. हे काम एखाद्या मत्स्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना छोट्या खोलीतही सुरू करता येण्यासारखं आहे. काही प्लास्टिकचे पिंप, हवेचा पंप, शेवाळाचं विरजण आणि रोजची निगा, एवढं भांडवल.

तोवर घेणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. मासा पसंत पडला की दुकानदाराला त्याच्यासमोर अन्न टाकायला सांगायचं आणि मासा ते घेतो का, हे उभं राहून पाहायचं. ‘सकाळीच खाऊन झालंय’ हे उत्तर मानायचं नाही. आणि आगाऊ रक्कम देऊन मासा दोन आठवडे दुकानातच ठेवायला सांगायचं. सायनाइडने आतून गेलेला किंवा आतड्याचा आजारी मासा बहुधा एवढ्यात उघडा पडतो, आणि तेवढ्या अवधीत घरी टॉर्च मारून काचेवरचे ठिपकेही पाहून होतात. या दोन्ही गोष्टींना तयार होणारे दुकानदार आहेत. त्यांच्याकडे मासा थोडा महाग पडतो, आणि ती जादा रक्कम बिनघोर द्यावी.